त्रिरश्मीच्या कड्यावरून दिसणारे नाशिक

आजकाल प्रत्येक मोठ्या शहराला उंचावरून स्वतःचे तोंड पाहण्याची हौस असते. १८८९ साली पॅरिसमध्ये आयफेल टॉवर उभा राहिला आणि तेव्हापासून जगभर ही लाट पसरली. तिकीट काढायचे, लिफ्टने वर जायचे, कठड्याला टेकून खालची घरे, रस्ते, माणसे पाहायची, फोटो काढायचा आणि खाली यायचे. नाशिकलाही असा एखादा मनोरा हवा, असे म्हणणारे लोक आम्हाला अधूनमधून भेटतात. द्राक्षे आहेत, धरण आहे, सिंहस्थ आहे, मग शहर दाखवणारा एक मनोराच तेवढा का नसावा, असा त्यांचा सवाल असतो. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की, बाबांनो, नाशिकला मनोरा आहे. दोन हजार वर्षांपासून आहे. त्याला लिफ्ट नाही, दुर्बीण नाही, फिरते उपाहारगृह नाही. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि त्या आपल्याच पायांनी चढाव्या लागतात. त्याचे नाव त्रिरश्मी.

मुंबई-आग्रा महामार्गावर, शहराच्या मध्यापासून साधारण आठ किलोमीटरवर हा डोंगर आहे. सरकारी कागदात आणि लोकांच्या तोंडी त्याचे नाव पांडवलेणी. महाराष्ट्रात हा एक चमत्कारच आहे! जिथे भिक्खूंनी राहण्यासाठी डोंगर कोरला, तिथे तिथे पांडव जाऊन पोहोचले. महाडजवळची गांधारपाले लेणीही पांडवलेणीच. बिचाऱ्या पांडवांना वनवासात दुसरे काही कामच नव्हते, नुसती छिन्नी-हातोडी घेऊन ते सह्याद्रीभर फिरत होते, असे वाटावे! एका रात्रीत लेणे कोरले, पहाट झाली म्हणून अर्धवट राहिले, ही कथाही ठरलेली. या कथेने एक काम मात्र चोख केले. ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी दगड फोडला आणि ज्यांच्यासाठी तो फोडला, त्या तिघांचीही नावे तिने पुसून टाकली. आणि ही नावे कुठे हरवलेली नव्हती. ती त्याच भिंतीवर, डोळ्यांसमोर, ब्राह्मी लिपीत कोरलेली होती. डोंगराचे नावही तिथेच आहे. प्राकृतात तिरण्हु, संस्कृत वळणाच्या लेखात त्रिरश्मी. १८२३ साली कॅप्टन डेलामेन या इंग्रज अधिकाऱ्याने या लेण्यांची नोंद केली, पुढे विद्वानांनी ब्राह्मीचे वाचन केले आणि भिंती बोलू लागल्या. तरीही पाट्यांवर पांडव ते पांडवच राहिले.

आम्ही मागे वस्तीतल्या पंधरा-वीस मुलांना घेऊन हा डोंगर चढलो. मुले सातवी ते दहावीची. त्यांना शिलालेखापेक्षा माकडांत जास्त रस होता, हे सांगून टाकतो. पण लेण्यांसमोरच्या वाटेवर आल्यावर मुले आपोआप थांबली आणि उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली. खाली महामार्ग, त्यावर काड्यापेट्यांसारखे ट्रक. पलीकडे पाथर्डी फाटा, अंबडचे कारखाने, सिडकोची दाटीवाटीची घरे, त्यामागे सातपूर. क्षितिजावर रामशेज आणि म्हसरूळजवळचा तो डोंगर, ज्यातल्या जैन लेण्यांना लोक चांभारलेणी म्हणतात. डावीकडे दूरवर अंजनेरी आणि ब्रह्मगिरी. उजवीकडे नाशिकरोड-देवळालीचा पट्टा.

एका मुलाने विचारले, "काका, यात आपलं घर कुठंय?"

प्रश्न सोपा होता. उत्तर सोपे नव्हते. आम्ही बोट दाखवून नासर्डी नदीची रेषा शोधली. तिला आता नंदिनी असे गोड नाव मिळाले आहे. त्या रेषेच्या कडेला जिथे निळे प्लास्टिक आणि गंजके पत्रे एकमेकांना चिकटलेले दिसतात, तिथे कुठेतरी त्याचे घर. मोठ्या इमारती ओळखता येतात, त्यांना नावे असतात, रंग असतात. वस्ती मात्र वरून पाहिली की नुसता एक पट्टा दिसते. शहराला मनोरा हवा म्हणणाऱ्यांनी हा एकच अनुभव घेऊन पाहावा. उंचावरून पाहणाऱ्याला आपले घर सापडते की नाही, यावरून त्याची शहरातली जागा कळते.

खेड्यात हे उघड असायचे. गावकुसाबाहेर, ओढ्याच्या अंगाला, गावाचे सांडपाणी जिकडे जाते तिकडे महारवाडा. शहर आले, कारखाने आले, आपली माणसे अंबड-सातपूरला कामाला लागली, तेव्हा वाटले की ही रचना मोडली. काही अंशी ती मोडलीही, हे नाकारण्यात अर्थ नाही. सिडकोच्या छोट्या घरांत आपली कितीतरी कुटुंबे हप्ते फेडून मालक झाली, त्यांची मुले इंजिनिअर झाली, परदेशी गेली. जुन्या महारवाड्यांचे आमच्या लोकांनी 'राजवाडा' केले आणि तेही ताठ मानेने. परंतु डोंगरावर उभे राहून पाहिले की पाणी कोणत्या बाजूने वाहते आणि वस्त्या कोणत्या बाजूला आहेत, हा जुना नकाशा नव्या काँक्रीटखालून अजून डोकावतो. नदीला पूर आला की बातमी नेहमी त्याच वस्त्यांची येते.

आता मुख्य गोष्ट. मुलांना आम्ही पंचवटीच्या दिशेने बोट करून विचारले, "काळाराम मंदिर दिसतं का?" दिसत नाही. इतक्या अंतरावरून, मध्ये एवढ्या उंच इमारती असताना तो कळस सापडत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी ते मंदिर बांधले, तेव्हा आसपासच्या गावांतून कळस दिसावा अशीच त्याची उंची राखली असणार. कारण कळसाचे एक खास काम होते. ज्याला आत येऊ द्यायचे नाही, त्याला बाहेरून दर्शन घ्यायला कळस! कळसाला हात जोडले की देवाला पोहोचले, असे अस्पृश्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. पंढरपूरला चोखोबाची समाधी मंदिराबाहेर पायरीपाशीच राहिली. म्हणजे आमच्या पूर्वजांनी शतकानुशतके जे पाहिले ते खालून वर पाहिले, लांबून पाहिले, मान वाकडी करून पाहिले. कुणाला खालून पाहायला लावायचे आणि कुणाला वरून पाहू द्यायचे, हा प्रश्न वास्तुशास्त्राचा नसून सत्तेचा असतो.

हीच नजर बदलण्यासाठी २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये आमची माणसे जमली. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि दुपारनंतर मिरवणूक निघाली. धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात लिहिले आहे की ती सुमारे १५,००० लोकांची आणि मैलभर लांब होती. मंदिराचे दरवाजे बंद करून घेण्यात आले, तेव्हा मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया चारही दरवाज्यांपुढे बसल्या. त्या २५ स्त्रियांकडे आमच्या इतिहासाने अजून नीट पाहिलेले नाही, हे इथेच नमूद करतो. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते दादासाहेब, म्हणजे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. अमृतराव रणखांबे, पतितपावनदास असे कितीतरी लोक त्यात होते. ९ एप्रिलला रथयात्रेच्या दिवशी रथ मिळून ओढण्याची तडजोड ठरली आणि ती मोडली गेली. दगडफेक झाली. रक्त सांडले. पाच वर्षे हा लढा या ना त्या रूपाने चालू राहिला.

काही शहाणे लोक अजून विचारतात की बाबासाहेबांना देव हवा होता तर मग त्यांनी धर्म का सोडला? या मंडळींनी २ मार्चचे भाषणच वाचलेले नसते. देवळात गेल्याने आपले सगळे प्रश्न सुटणार नाहीत, आपला प्रश्न राजकीय, आर्थिक, शैक्षणिक आहे, हे बाबासाहेबांनी त्याच दिवशी स्पष्ट केले होते. ती परीक्षा सवर्ण हिंदूंच्या मनाची होती. मन नापास झाले. १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून हा सत्याग्रह पुन्हा सुरू करू नये, शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असे कळवले. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली. येवला त्रिरश्मीवरून दिसत नाही. पण काळारामाच्या बंद दरवाज्यापासून येवल्याच्या मैदानापर्यंत आणि तिथून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरपर्यंत जी वाट गेली, तिच्यावरचा सर्वात जुना मुक्काम नाशिककरांच्या पाठीमागे, या डोंगरात, वाट पाहत होता. आमचे लोक पंचवटीत काठ्या खात होते, तेव्हा तथागताची मूर्ती असलेली लेणी याच शहराच्या दुसऱ्या टोकाला उघडी पडली होती. तिथे दरवाजा नव्हता आणि अडवणारा पुजारीही नव्हता.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान काळाराम मंदिरात आले, त्यांनी तिथे फरशी पुसली, देशभर ते दृश्य दिसले. ज्यांना १९३० आठवायचे त्यांना ते आठवले.

परंतु आमची ही तक्रार केवळ समोरच्यांविरुद्ध नाही. आपल्या घरातही थोडे झाडून काढायला हवे. बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मीवर गर्दी होते. निळे-पंचरंगी ध्वज येतात, मेणबत्त्या येतात, 'ही लेणी आमची' ही घोषणा होते. घोषणा बरोबरच आहे. पण त्यातल्या किती जणांनी तिथली एक ओळ तरी समजून घेतली? घोषणा देऊन खाली उतरायचे आणि भिंतीवर काय लिहिले आहे ते वाचायचे काम पांडववाल्यांवर सोडायचे, याला हक्क सांगणे म्हणत नाहीत. वासुदेव विष्णु मिराशींनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांचे कोरीव लेख मराठीत अर्थासह आणून ठेवले आहेत. ग्रंथालयात मिळतात. मिराशींच्या सगळ्या मतांशी आपण सहमत असण्याचे कारण नाही, पण लेख तर वाचता येतात!

वाचले की काय सापडते? दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने वर्षावासात इथे राहणाऱ्या भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण ठेवले. कुठे ठेवले? राजाच्या खजिन्यात नाही, देवळाच्या पेटीत नाही. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणीकडे! दोन श्रेण्या होत्या. एकीकडे २,००० ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्या व्याजातून २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. आम्ही मुलांना तिथेच बसवून गणित घातले. २,००० वर महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्खूंना बारा-बारा म्हणजे २४०. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही! मुले एकदम सावध झाली. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब बरोबर निघतो, याचा आनंद त्यांना माकडांपेक्षा मोठा वाटला. आणि हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला, फलकावर नोंदवला, असेही त्या लेखात आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. राजाचा जावई आपला पैसा कोष्ट्यांच्या संघाकडे ठेवतो, कारण राज्ये येतील-जातील, पण हा संघ व्याज देत राहील, असा त्याला भरवसा आहे. पुढे अभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला लेख आहे. विष्णुदत्ता नावाची शक कुळातली उपासिका आजारी भिक्खूंच्या औषधासाठी पैसा ठेवते, तो कुंभारांच्या, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेण्यांकडे. विणकर, कुंभार, तेली, यंत्र करणारे! पुढच्या काळात ज्यांना बलुतेदार-अलुतेदार करून धान्याच्या सुपासाठी दारोदार उभे केले, ज्यांना शूद्र म्हणून पंगतीतून उठवले, ते लोक या भिंतीवर शहराचे सावकार म्हणून उभे आहेत. ओबीसी बांधवांनी पांडवांची गोष्ट ऐकायला नाही, तर आपल्या पूर्वजांची पतपेढी पाहायला या डोंगरावर यावे, असे आमचे आग्रहाचे निमंत्रण आहे. आणि योगायोग पाहा. त्याच कड्यावरून उजवीकडे नाशिकरोडची बाजू दिसते, जिथे देशाच्या नोटा छापल्या जातात. कार्षापणाचा हिशेब इथे आणि रुपयाचा छापखाना तिथे, आणि मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा आपला बाप! त्याच बाजूला विहितगाव आहे, जिथे बाबुराव बागूल जन्मले.

दानकर्त्यांची यादी तर पाहतच राहावी. सातवाहन कुळातला कण्ह राजा असताना नाशिकच्या श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्राने कोरवलेले लेणे आहे. नाशिक हे नाव दगडावर लिहिलेले इतके जुने दुसरीकडे क्वचितच सापडेल. म्हणजे या शहराचे नाव प्रथम लिहिले गेले ते श्रमणांच्या सोबतीने. शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट कोणाला सांगायची तर त्याने खुशाल सांगावी, दगडावर मात्र ती नाही. चैत्यगृहाच्या दर्शनी भागासाठी धंभिक नावाच्या गावाने गाव म्हणून दान दिले. उत्तरेकडून आलेला धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त हा यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा. वुधिक नावाचा शक लेखनिक. मुगूदास नावाचा उपासक, ज्याचा व्यवसाय अभ्यासकांनी मासेमार असा वाचला आहे. आणि स्त्रिया! राजमाता गौतमी बलश्री, उषवदाताची पत्नी दक्षमित्रा, महाहकुसिरीची नात भटपालिका, सेनापती भवगोपाची पत्नी वासू. स्वतःच्या नावाने दान देणाऱ्या, म्हणजे स्वतःच्या हाती काही धन असलेल्या स्त्रिया. ग्रीक, शक, कोळी, राजमाता, कारकून, आणि सगळ्यांची नावे एकाच डोंगरावर, एकाच लिपीत.

एवढे वाचून आपली छाती फुगते. म्हणूनच तिसऱ्या लेण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमचे बरेच वक्ते ती गाळतात, आम्हाला ते मान्य नाही. तिसरे लेणे गौतमी बलश्रीने भद्रायणीय संघाच्या भिक्खूंना दिले, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी. आपल्या मृत मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, तिने त्या लेखात भरभरून वर्णन केले आहे. तीन समुद्रांचे पाणी प्यालेली त्याची घोडी, क्षहरातांचा त्याने केलेला निःपात, हे सगळे तिथे आहे. आणि त्यातच त्याला एकमेव ब्राह्मण म्हटले आहे, आणि चार वर्णांचा संकर थांबवणारा म्हणून गौरवले आहे. होय, बौद्ध भिक्खूंना दिलेल्या विहाराच्या भिंतीवर चातुर्वर्ण्याच्या रक्षणाची स्तुती कोरलेली आहे! उषवदातही आपल्या लेखात ब्राह्मणांना गाई आणि गावे दिल्याचे अभिमानाने सांगतो.

हे लपवायचे कशाला? उलट हे ठळक करून दाखवले पाहिजे. राजे दोन्ही डगरींवर हात ठेवून होते, धम्मालाही दान आणि वर्णव्यवस्थेलाही आश्रय. बाबासाहेबांनी क्रांती आणि प्रतिक्रांती या शब्दांत जो इतिहास मांडला, त्याची रस्सीखेच इथे एकाच भिंतीवर दिसते. शिवाय साधी गोष्ट आहे. राजाने संकर 'थांबवला' म्हणून त्याचे कौतुक होते, याचाच अर्थ संकर चालू होता. लोक वर्णाबाहेर लग्ने करीत होते, वर्णाबाहेरचे धंदे करीत होते, आणि ते थांबवायला राजाचे हत्यार लागत होते. चातुर्वर्ण्य हे निसर्गनियम असते तर त्याला सातकर्णीच्या तलवारीची गरज का पडली असती? भिंतीवरची ही अडचणीची ओळ नीट वाचली, तर ती आपल्याच बाजूची साक्षीदार निघते. न वाचता 'सगळे काही आपले' म्हणणाऱ्याला मात्र एखादा चलाख विरोधक याच ओळीवर भर सभेत गप्प करील.

त्याच तिसऱ्या लेण्यात आणखी एक लेख आहे, जो आमच्या भूमिहीन बांधवांनी तोंडपाठ करावा. गौतमीपुत्राने भिक्खूंना एका गावातले शेत दिले. काही वर्षांनी लक्षात आले की ते शेत कसलेच जात नाही आणि ते गावही वसलेले नाही. दान कागदावर, जमीन ओसाड! तेव्हा राजाने दुसरा हुकूम काढला आणि नगराच्या सीमेवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातली १०० निवर्तने जमीन दिली. सोबत सवलती दिल्या की सरकारी माणसांनी त्यात शिरायचे नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचे नाही. चूक कळली, दुरुस्त केली, कोरून ठेवली. आता १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह आठवा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लाखो माणसे कशासाठी तुरुंगात गेली? पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, एवढ्याचसाठी. आज आमच्या गायरानधारकाच्या हाती कागद असतो आणि जमीन दुसऱ्याच्या ताब्यात असते, किंवा जमीन तो चाळीस वर्षे कसतो आणि कागद त्याच्या नावाचा नसतो. दादासाहेबांचा जिल्हा हाच. त्याच जिल्ह्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाने जी दुरुस्ती सहा वर्षांत केली, ती आपल्या महसूल खात्यांना पिढ्या लोटल्या तरी जमत नाही!

तिसऱ्या लेण्याबाहेर निघताना मुलांना आम्ही खाली वाकायला लावले. व्हरांड्याच्या पायाशी सहा धिप्पाड माणसे कोरलेली आहेत, छातीपर्यंत जमिनीतून वर आलेली. पालखीचे दांडे खांद्यावर घ्यावेत तसे त्यांनी सगळे लेणे खांद्यावर घेतले आहे. येणारा-जाणारा वरची नक्षी पाहतो, दारावरचे कोरीव काम पाहतो. या सहा जणांकडे पाहायला वाकावे लागते. मघाशी घर विचारणारा मुलगा त्यांच्यासमोर बराच वेळ बसून होता. "यांची नावं लिहिली नाहीत का?" त्याने विचारले. नाहीत. दान देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे, विणकरांचे, तेल्यांचे आहे. ज्यांनी खांद्यावर घेतले आणि ज्यांनी छिन्नी चालवली त्यांचे नाही. धम्माच्या डोंगरावरही ही उणीव आहे आणि मुलाला ती आमच्याआधी दिसली, हे आम्हाला बरे वाटले.

लेण्यांच्या बाजूला खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. उषवदाताच्या लेखात लेण्यासोबत या पोढींचाही उल्लेख आहे. ज्या समाजाला चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली डोकी फोडून घ्यावी लागली, त्याने या टाक्यांपुढे क्षणभर थांबावे, एवढेच म्हणतो.

आता डोंगराचे काय चालले आहे तेही सांगितले पाहिजे. २०२१ च्या मे महिन्यात पावसाळ्याआधीची साफसफाई करताना पुरातत्त्व विभागाच्या कर्मचाऱ्यांना इथे आणखी लेणी सापडली. कॅप्टन डेलामेनच्या नोंदीनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी! म्हणजे हा डोंगर अजून पुरता वाचून झालेला नाही. मातीखाली आणखी काय आहे, कोणाला ठाऊक. आणि याच भागात, सारूळच्या रांगेत, खडीसाठी डोंगर पोखरले जात आल्याचे नाशिककरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पर्यावरणवाद्यांनी आवाज उठवला, आंदोलने केली. त्यात आपले निळे झेंडे फारसे दिसले नाहीत, याची खंत वाटते. डोंगर फोडला की आधी पाणी जाते, मग माती जाते, आणि मातीखाली इतिहास असेल तर तोही खडीच्या ट्रकमधून जातो. तो खडी होऊन कुणाच्या तरी टॉवरच्या स्लॅबमध्ये पडतो. हा विषय 'त्यांचा' आणि लेण्यांचा विषय 'आपला', असे करून चालणार नाही.

पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे आणि त्याच्या शेजारी घुमटाचे बुद्धस्मारक. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, अशोक विजयादशमीच्या दिवशी, श्रीलंकेतल्या अनुराधापुरच्या महाबोधी वृक्षाची फांदी तिथे लावण्यात आली. ती रुजली पाहिजे, मोठी झाली पाहिजे. पण सोहळ्याला जाणारे लोक स्मारकापाशी वंदना घेऊन तिथूनच परत फिरतात. वर लेण्यांपर्यंत चढत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांचे आम्ही समजू शकतो. तरुणांचे समजू शकत नाही.

२०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून नाशिकमध्ये मोठमोठी कामे हाती घेतली गेली. घाट, रस्ते, साधुग्राम, सगळे काही. पाहुणे येणारच आहेत, तर त्यांतले काही महामार्गावरून जाताना या डोंगराकडेही वळतील. त्यांना कोण सांगणार, पांडव की विणकर? आमची सूचना साधी आहे. नाशिकमध्ये विहार कमी नाहीत. प्रत्येक विहाराने आपल्यातले दोन मुलगे आणि दोन मुली निवडून त्यांना ब्राह्मीची बाराखडी शिकवावी. अक्षरे मोजकी आहेत, ज्याला देवनागरी येते त्याला महिन्या-दोन महिन्यांत ओळखता येतात. तिसऱ्या, दहाव्या, अठराव्या आणि एकोणिसाव्या लेण्यातला प्रत्येकी एक लेख त्यांनी पाठ करावा, अर्थासह. रविवारी आळीपाळीने वर जाऊन उभे राहावे आणि येणाऱ्या माणसाला, तो कोणत्याही जातीचा असो, तीन टक्क्यांचा असो की पंच्याऐंशी टक्क्यांतला, व्याजाचे ते गणित सोडवून दाखवावे. भांडण करू नये. गणिताशी कोणाला भांडता येत नाही.

जायचे असेल त्यांनी शहर बसने पाथर्डी फाट्यावर उतरावे, तिथून रिक्षा मिळते, चालतही जाता येते. सकाळी लवकर गेलेले बरे, ऊन लागत नाही आणि कोरीव काम तिरप्या उजेडात नीट दिसते. प्यायचे पाणी सोबत न्यावे. लेण्यांत मेणबत्त्या लावू नयेत, काजळीने अक्षरे बुजतात. हार न्यायचाच असेल तर खाली स्मारकात वाहावा. वर जाताना वही आणि पेन्सिल न्यावी.